पुनालू की वेळास?

कोल्हापुरातनं कासवं बघायला जायचं तर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. भाचा अमेरिकेत, त्यामुळं बहिणीचं मत हवाईच्या पुनालू किनाऱ्याला. तिथली वाळू कोळशागत काळी. तापलेला लाव्हा समुद्रात पडला की झटक्यात थंड होऊन फुटतो, त्याचाच हा चुरा. म्हणजे आपल्या जोतिबाच्या देवळाचा दगड तोच, बेसाल्ट, फक्त दळलेला! त्यावर भलीमोठी हिरवी समुद्री कासवं भरदुपारी ऊन खात निवांत पसरलेली असतात. दहा फूट तरी लांब राहायचं, आणि वाळू खिशात घालायची नाही.

माझं मत वेळासला. आंबा घाट उतरायचा आणि कोकणातनं वर मंडणगड तालुक्यात. वाळू साधीच. मोठं कासव दिसेल ही आशा सोडा, मादी रात्री येऊन अंडी घालून जाते. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरट्यावरची टोपली उचलली, की ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वळवळत बाहेर येतात. बोटभर जीव, वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडं निघतो. लाट त्याला मागं फेकते, ते पुन्हा निघतं. एखादे दिवशी एकही पिल्लू निघत नाही, म्हणून दोन रात्री मुक्काम धराच. गावातच घरगुती जेवण मिळतं. तांबडा-पांढरा मात्र घरी परतल्यावर.