परड्यातला बुडखा: हातानं खणायचा, कुजवायचा की जेसीबी लावायचा?

झाड तोडणारी माणसं फांद्या आणि खोड टेम्पोत घालून निघून जातात, बुडखा तसाच राहतो. मग घरात वाद सुरू होतो, याचं करायचं काय. कोल्हापूरजवळ कळंब्याला आमच्या परड्यातनं (घरामागच्या मोकळ्या जागेतनं) गेल्या काही वर्षांत शेवगा, पेरू आणि गुलमोहर अशी तीन झाडं गेली आणि तिन्हींचे बुडखे तीन तऱ्हेनं निघाले. त्यावरून माझं ठाम मत झालंय: आधी झाड कुठलं आणि त्या जागेवर पुढं काय करायचंय ते बघा, खर्चाचा विचार त्यानंतर.

झाड अजून उभं असेल तर दोन गोष्टी आधी करा. शहरात जिवंत झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती घ्या. आणि हातानं खणायचं मनात असेल तर तोडणाऱ्याला चार फूट खोड उभं ठेवायला सांगा. पुढं हेच खोड ढकलून मुळं हलवायची असतात. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला धरायला काही उरत नाही आणि काम दुप्पट होतं.

पेरू आम्ही हातानं काढला. खोड आठ इंच जाड, मी आणि धाकटा भाऊ, दोन सकाळी. दसरा झाला होता, जमिनीला वापसा होता, म्हणजे माती चिखलही नव्हती आणि कोरडी ठणठणीतही नव्हती. याला फार महत्त्व आहे. जुलैत आपली काळी माती खोऱ्याला चिकटून बसते, निम्मा वेळ खोरं खरवडण्यात जातो. मे महिन्यात तीच माती अशी आवळते की टिकाव उडून परत येतो.

खोडापासून दीड फुटावर गोल चर घेतला. मूळ दिसलं की लगेच कुऱ्हाड घालायची नाही, आधी पाइपनं पाणी मारून ते धुऊन घ्यायचं. मुळाला चिकटलेले खडे धार घालवतात आणि बोथट कुऱ्हाड घसरून पायावर येते. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला हातभर तुकडा काढला, म्हणजे पुढच्या घावाला जागा झाली. दुसऱ्या दिवशी खोडाला खांदा लावला तर एका बाजूची माती श्वास घेतल्यासारखी वर आली, दुसरी बाजू मात्र जागची हलेना. खाली दगडाचा टेकू देऊन पार घातली (पहारीला आमच्याकडं पारच म्हणतात) आणि दाबली, तेव्हा मनगटाएवढं एक मूळ सरळ खाली गेलेलं दिसलं. ते जुन्या करवतीनं कापलं. चांगली करवत मातीत घालू नका. बुडखा आडवा झाला तेव्हा खड्ड्यातनं ओल्या लाकडाचा उग्र वास आला आणि आम्ही दोघं तिथंच मातीत बसलो.

कुजवण्यात अंगमेहनत जवळजवळ नाही, पण वाट बघावी लागते. शेवग्याला आम्ही मृगाच्या आधी ड्रिलनं इंचभर रुंद, वीतभर खोल भोकं पाडली, त्यात युरिया आणि शेण भरलं, वर माती आणि ओलं गोणपाट टाकलं. लाकडात नत्र फार कमी असतं. बुरशीला ते बाहेरून मिळालं की ती जोमानं वाढते आणि आपला चार महिन्यांचा पाऊस ओल धरून ठेवतो. शेवग्याचं लाकूड मऊ, पुढच्या पावसाळ्यात खोरं आरपार गेलं. मध्ये फुटलेले धुमारे मात्र सतत खुडावे लागले. आंबा किंवा बाभूळ असेल तर वर्षानुवर्षं थांबायची तयारी ठेवा. बुडखा घराच्या भिंतीलगत असेल तर हा मार्ग नकोच, कुजक्या लाकडाला वाळवी लागते आणि तिथून ती चौकटीत शिरते. नारळाला मात्र हे छान, तो बुडातनं परत फुटत नाही.

बुडख्यावर मीठ किंवा डिझेल ओतायचा सल्ला हमखास मिळतो. कृपा करून ऐकू नका, बुडख्याबरोबर मातीही जाते. जाळूही नका. मुळं जमिनीखाली दिवसच्या दिवस धुमसत राहतात.

गुलमोहर दोन फूट जाड होता, मुळं फरशीखाली पसरलेली. तिथं जेसीबीच आणला, तासाभरात काम झालं. पण नळाची पाइप कुठून जाते ते मी ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं आणि ती तुटली. चाकांखाली दबलेल्या पट्ट्यात पुढं वर्षभर मेथीसुद्धा धड आली नाही. शिवाय मशीन आत यायला आठ-नऊ फूट मोकळी वाट लागते. शिवाजी पेठेतल्या बोळात राहणाऱ्यांनी हा विषयच सोडावा.

माझा हिशेब असा: फूटभरापर्यंत जाडी, दोन माणसं आणि त्याच जागी नवं झाड लावायचं असेल तर हातानंच. मुळं निघतात आणि आजूबाजूची माती शाबूत राहते. कंबरेचं दुखणं असेल तर गडी लावा, हट्ट करू नका. जागेची घाई नसेल आणि लाकूड मऊ असेल तर कुजवा. त्या जागी नवं बांधकाम करायचं असेल तर जेसीबी, पण आधी पाइप, केबल आणि सेप्टिक टँकच्या जागी चुन्याची फक्की टाकून खुणा करा.

खड्डा भरताना मातीच्या दहा-बारा बुट्ट्या जास्तीच्या आणून ठेवा. थोडी माती, मग पाणी, परत माती असं भरत या आणि वर वीतभर उंचवटा ठेवा. पहिल्या पावसात तो बसतो, नवं रोप त्यानंतर लावा.