रविवर्मा प्रेसच्या चित्रांचा कॅटलॉग: दोन महिने वापरल्यावर

चादरीच्या कारखान्यात मी ३१ वर्षं जॅकार्डची, म्हणजे पंच केलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची, डिझाइनं काढली. ग्राफवर एकेक चौकोन रंगवायचा, मग कार्डं पंच करायची. त्यामुळे चित्रकार राजा रविवर्मांनी काढलेल्या छापखान्याचं, रविवर्मा प्रेसचं, चित्र समोर आलं की मी आधी रंग मोजायला लागतो. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि कागद तितक्या वेळा दाबाखाली जायचा. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठाचा लाल रंग हनुवटीकडे उतरतो. अशी २३ चित्रं माझ्याकडे आहेत. बहुतेक सोलापुरात साखर पेठेतली जुनी घरं पाडली तेव्हा मिळालेली.

ती ओळखायला मदत होईल म्हणून संग्राहकांसाठी काढलेला हा कॅटलॉग ३,२०० रुपयांना मागवला. रोज रात्री भिंग आणि शिंप्याची टेप घेऊन बसतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चित्राखालची पट्टी. प्रेसचं नाव आणि गाव तिथेच छापलेलं असतं. १८९४ साली मुंबईत गिरगावात प्रेस सुरू झाला, पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. पुढे मुंबईत प्लेग आला आणि प्रेस लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला गेला. नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि रविवर्मा १९०६ साली वारले तरी चित्रं छापली जातच होती. म्हणजे सरस्वती तीच, पण पट्टीवर मुंबई आहे की कार्ला-लोणावळा यावर सगळं ठरतं. कॅटलॉगात बऱ्याच चित्रांची ही ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. माझ्या दोन सरस्वती मी इतकी वर्षं एकाच वेळच्या समजत होतो, त्या वेगळ्या निघाल्या.

भिंगातून काय दिसतं त्याची दोन पानं आहेत, तीही उत्तम. दगडावर हाताने टिपलेले ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे असतात. आजच्या ऑफसेट छपाईच्या नकलेत ते रांगेत बसतात. जुन्या बाजारात पैसे मोजण्याआधी एवढं पाहिलं तरी फसगत टळते.

पण मापांचा घोळ आहे आणि तो मला फार खटकला. १४ गुणिले २० इंच लिहिलंय, ते नुसत्या चित्राचं की कागदासकट, कुठेच सांगितलेलं नाही. माझी लक्ष्मी कागदासकट मोजली तर जुळते, दमयंती नुसतं चित्र मोजलं तर. कापडात असं चालत नाही, पन्हा किनारीसकट की बिनकिनारीचा ते आधी सांगावं लागतं. काही ठिकाणी तर फोटोच पट्टी कापून छापलाय. जिच्यासाठी पुस्तक घ्यायचं तीच नाही!

नंबरांचंही तसंच. व्हिएन्नात आडाम बार्च यांनी १७९७ साली डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या एचिंगना, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांना, क्रमांक दिले. आजही बी. ७४ म्हटलं की जगातला कुठलाही संग्राहक ओळखतो, हे येशू रोग्यांना बरं करतानाचं चित्र. इथे क्रमांक देवदेवतांच्या गटाप्रमाणे पुन्हा एकपासून सुरू होतात. पत्रात नुसता १२ लिहिला तर समोरच्याने कुठला धरायचा?

आणखी एक. आईच्या माहेरची लक्ष्मी माझ्याकडे आहे. आजीने चित्रातल्या साडीवर जरतार आणि टिकल्या शिवल्या, पदराचे काठ खऱ्या काठासारखे दुहेरी घेतले. कागद फाटू नये म्हणून मागून मलमल लावली आहे, टाके मोजले तर इंचाला नऊ. अशा प्रतींना कॅटलॉगात ‘सजवलेली’ एवढा एकच शब्द मिळाला आहे. लुगड्यांच्या व्यवहारात वाढलेल्या घरांत हे काम मनापासून झालेलं आहे, त्याची वेगळी नोंद हवीच.

पाच-सहापेक्षा जास्त चित्रं असतील तर कॅटलॉग जरूर घ्या. एखाददुसरंच असेल तर ओळखीच्या संग्राहकाकडे जाऊन पाहा. आणि चित्र फ्रेमला टाकताना फ्रेमवाल्यासमोर उभं राहून सांगा, खालची पट्टी कापायची नाही. माझ्या चार चित्रांची आधीच गेली आहे.