प्लग तीनदा बदलला, कॅप तशीच: जुन्या मोटरसायकलसाठी काय घ्यावं

आरएक्स १००, पॉइंटची (यांत्रिक स्विचनं ठिणगी पाडणारी) बुलेट, येझदी, सीडी १००. सोलापुरात या गाड्या अजून रोजच्या कामाला आहेत. त्या चौथ्या-पाचव्या किकला उठायला लागल्या की मालक आधी प्लग बदलतो. दोन दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू होतं. प्लगच्या डोक्यावर वीस वर्षांची कॅप तशीच बसलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून इथं प्लग आणि कॅप या दोघांचं परीक्षण जोडीनंच केलं आहे.

आधी प्लग. काउंटरवर ‘आरएक्सचा द्या’ एवढंच म्हणू नका, नंबर वाचून घ्या. एनजीके कंपनीच्या बी७एचएसमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिमीचे आटे, ७ हा उष्णतेचा आकडा, ‘एच’ म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे तांब्याचा गाभा असलेला साधा प्लग. ‘एच’च्या जागी ‘ई’ आला की लांबी १९ मिमी. मध्ये ‘पी’ असेल तर चिनीमातीचं नाक पुढं आलेलं असतं. ‘आर’ असेल तर आत पाच हजार ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा, आहे. सीडी १००ला सी७एचएसए लागतो. त्यातला ‘सी’ म्हणजे १० मिमीचे आटे आणि त्याला १६चा पाना. १४ मिमीच्या प्लगचा २१चा पाना तिथं चालत नाही.

लांबी चुकली तर नुकसान मोठं. आखूड आट्यांच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यात, जिथं प्लग बसतो) लांब प्लग बसवला की तो ज्वलनकक्षात डोकावतो आणि पिस्टनला लागू शकतो. लागला नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन भाजून बसतो आणि प्लग काढताना हेडचे आटे घेऊनच बाहेर येतो. उलट केलं तर रिकाम्या राहिलेल्या आट्यांत कार्बन भरतो, आणि पुढं बरोबर लांबीचा प्लग अर्ध्यात अडकतो. जुन्या गाडीचं हेड कधी बदललेलं असेल सांगता येत नाही, त्यामुळे निघालेला प्लग आणि हेडमधले आटे दोन्ही मोजा.

उष्णतेच्या आकड्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे लवकर सोडणारा. डेन्सोतही तसंच, त्यांचा २२ म्हणजे एनजीकेचा ७. बॉशमध्ये मात्र उलटं, तिथं डब्ल्यू५ हा डब्ल्यू७पेक्षा थंड. एनजीकेचा ७ काढून बॉशचा ७ बसवला तर एक पायरी गरम प्लग बसला, कारण बॉशचा ७ हा एनजीकेच्या ६च्या जोडीचा आहे आणि एनजीकेच्या ७ला बॉशचा ५ लागतो. मायकोचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी जुने मिस्त्री अजून मायकोच मागतात. त्या जुन्या डब्यांवरचे डब्ल्यू१७५, डब्ल्यू२२५ हे आकडे परत सरळ क्रमात आहेत, म्हणजे मोठा आकडा थंड. डब्ल्यू१७५ म्हणजे आजचा ७, डब्ल्यू२२५ म्हणजे आजचा ५.

‘सोलापूरचं ऊन, एक नंबर थंड टाका’ हा सल्ला इथं हमखास मिळतो. तो मानू नका. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की स्वतःवरचा कार्बन जाळून साफ राहतं, आणि ८५० अंशांच्या आसपास गेलं की ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू लागतं. या हिशोबात बाहेर ३० अंश आहेत की ४३, यानं फारसा फरक पडत नाही. सात रस्ता ते नवी पेठ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरणाऱ्या गाडीत थंड प्लग ४५०पर्यंत पोचतच नाही आणि काळा पडतो. तुळजापूरचा घाट डबलसीट चढून आल्यावर प्लग पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तरच थंड नंबरचा विचार करा. त्याच्याही आधी कार्ब्युरेटरचा जेट आणि इनटेकची गळती बघा.

काळ्या प्लगचं एक खास स्थानिक कारण आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या एअर फिल्टरवर कापसाचं तूस नमद्यासारखं बसतं. हवा कमी, पेट्रोल जास्त, की कोरडी काजळी आलीच. तिथं प्लग बदलणं म्हणजे दिव्याची काच पुसून वात तशीच ठेवणं. काजळी कोरडी असेल तर फिल्टर आणि चोक तपासा. प्लग तेलकट ओला असेल तर टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचं प्रमाण किंवा क्रँकचं सील, आणि फोर-स्ट्रोकमध्ये रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील बघा. विटकरी-तपकिरी रंग असेल तर काहीच करू नका.

आता कॅप. एनजीकेची एलबी०५एफ ही काटकोनी, पाच हजार ओहमची कॅप १४ मिमीच्या प्लगसाठी आजही सगळ्यात भरवशाची. ती प्लगच्या उघड्या बारीक आट्यांवर बसते, म्हणून प्लगच्या डोक्यावरची गोल टोपी पकडीनं काढून टाकावी लागते. टोपीसकट बसणाऱ्या कॅपा वेगळ्या असतात. तिथं टोपी घट्ट आवळलेली हवी, नाहीतर कॅपच्या आतच ठिणगी उडत राहते आणि काळी भुकटी साचते.

बिननावाच्या बॅकेलाइट कॅपा निम्म्याहून कमी पैशांत मिळतात, पण त्यांच्या आतली पकड दोन-चार वेळा काढली-घातली की सैल होते आणि रबराचं टोक उन्हात तडकतं. पहिल्या पावसात गाडी बंद पडते ती इथंच. परीक्षा सोपी आहे. अंधारात गाडी चालू ठेवून कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. निळसर रेघा हेडकडे सरपटताना दिसल्या की ती कॅप गेली.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. कॅप वायरवरून डावीकडे फिरवून काढा, मीटर २० केवर (वीस हजार ओहमवर) लावा, एक टोक वायरच्या स्क्रूला आणि दुसरं प्लगच्या बाजूला. ४ ते ६ हजार आलं तर ठीक. पंधरा हजार किंवा अनंत आलं तर आतला रेझिस्टर किंवा त्याची स्प्रिंग गंजलेली आहे. अशी कॅप गार गाडीला कशीबशी चालते आणि गरम झाल्यावर दगा देते, म्हणून दोष कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागावर) ढकलला जातो आणि चांगली कॉइल बदलली जाते.

जोडी जुळवताना रेझिस्टर एकाच ठिकाणी ठेवा. पॉइंटच्या ६ व्होल्ट गाडीला साधा प्लग आणि ५ हजारांची कॅप पुरते. ‘आर’चा प्लग आणि रेझिस्टरची कॅप मिळून दहा हजार होतात, आणि थकलेली कॉइल असेल तर सकाळच्या पहिल्या किकला ते जाणवतं. रेझिस्टर पूर्ण काढणं हाही उपाय नव्हे. सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या) गाडीत, विशेषतः बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक युनिटमध्ये, त्याशिवाय विजेचे उलटे झटके बसून युनिट जाऊ शकतं.

आता इरिडियमच्या टोकाच्या प्लगबद्दल. मधली तार ०.६ मिमीची असल्यानं कमी व्होल्टेजला ठिणगी पडते हे खरं. पण धूर काढणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये तोही तितकाच काळा पडतो, आणि तारेच्या ब्रशनं घासला की संपला. किंमत कित्येक पट. इंजिन निरोगी असेल तरच घ्या.

डुप्लिकेट ओळखायला वॉशर बघा. अस्सल प्लगचा वॉशर बोटानं सहज निघत नाही, नकलीचा फिरवला की हातात येतो. नकलीत बाजूचं टोक मधल्या टोकाच्या बरोबर वर नसतं, आट्यांना खरखर असते.

बसवताना गॅप (दोन टोकांमधली फट) फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा, पॉइंटला ०.५ मिमीच्या आसपास, सीडीआयला ०.६ ते ०.७. वाकवायचं ते फक्त बाजूचं टोक. एचटी वायरचं (कॉइलपासून कॅपपर्यंतच्या जाड वायरचं) टोक पाच-सहा मिमी कापा. आत तांबं हिरवट दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत अजून थोडं, पण वायर कॉइलमध्येच ओतलेली असेल तर जपून. मग कॅप दाबत उजवीकडे फिरवा आणि एकदा ओढून बघा. प्लग गार इंजिनात आधी हातानंच शेवटपर्यंत घ्या, नंतर पान्यानं नव्या वॉशरला अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत. वापरलेला प्लग परत बसवताना फेऱ्याचा बारावा भाग पुरे.