इंदूरच्या हवेत सिगार टिकवताना: हवाबंद डबा आणि बोव्हेडाची पाकिटे

सिगारसाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. इंदूरमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास असते, तर ऑगस्टात हीच आर्द्रता ८० टक्के ओलांडते. म्हणजे एकाच कपाटात ठेवलेली सिगार उन्हाळ्यात कोरडी पडून तिचे बाहेरचे पान तडकते आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरण्याची भीती असते. त्यामुळे नुसता ओलावा देणारे साधन इथे अपुरे पडते, कारण गरजेनुसार ओलावा परत शोषून घेणारेही काही हवे असते. गेले काही हंगाम मी माझ्या सिगारी, बोव्हेडा या अमेरिकी कंपनीची आर्द्रता राखणारी पाकिटे घालून, झाकणाला रबरी पट्टी असलेल्या साध्या हवाबंद डब्यात ठेवत आहे. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

या पाकिटात क्षाराचे संपृक्त द्रावण असते आणि त्याच्या आवरणातून केवळ पाण्याची वाफ आत-बाहेर जाते. प्रत्येक क्षाराचे संपृक्त द्रावण बंद जागेतली आर्द्रता ठरावीक पातळीवर आणून ठेवते. मिठाच्या बाबतीत ही पातळी ७५ टक्के असते. पाकिटावर छापलेला ६२, ६५, ६९ किंवा ७२ हा आकडा म्हणजे त्या द्रावणाची पातळी होय. हवा कोरडी झाली की पाकीट वाफ सोडते, दमट झाली की शोषते. जुन्या पद्धतीच्या स्पंजमध्ये ऊर्ध्वपातित पाणी घालत राहावे लागते आणि पावसाळ्यात तो उलट उपद्रवच करतो, म्हणून मला ही पाकिटे निःसंशय सरस वाटतात. हवाबंद डब्यासाठी ६५ चे पाकीट घ्यावे, असे माझे मत आहे. ६९ आणि ७२ ही पाकिटे लाकडी पेटीसाठी अधिक योग्य आहेत, कारण तिच्या फटींतून थोडा ओलावा निसटतच असतो. साधारण २५ सिगारींना ६० ग्रॅमचे एक पाकीट पुरते.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवण्याची खास पेटी, दिसायला देखणा असतो, यात वाद नाही. त्याच्या आतले स्पॅनिश सीडर हे लाकूड नावाप्रमाणे देवदाराच्या कुळातले नसून महोगनी आणि कडुनिंबाच्या कुळातले आहे, आणि त्याचा मंद सुगंध सिगारींना मानवतो. मात्र नवी पेटी वापरण्याआधी ते लाकूड ओलाव्याने मुरवावे लागते (त्यासाठी ८४ टक्क्यांची वेगळी पाकिटे मिळतात), नाहीतर कोरडे लाकूड सिगारींतलाच ओलावा ओढून घेते. शिवाय स्वस्त पेट्यांची झाकणे क्वचितच घट्ट बसतात, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात अशा पेटीतली पाकिटे फार लवकर कडक होतात. हवाबंद डब्यात त्याच सीडरच्या दोन पातळ फळ्या ठेवल्या की सुगंधाची गरज भागते आणि पाकिटेही कितीतरी अधिक काळ चालतात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून आतली हवा बदलू द्यावी, एवढेच पथ्य.

डब्यात आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर अवश्य ठेवावा, पण तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने चिखलासारखे ओले करावे आणि हायग्रोमीटरसह बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे हिशेबात धरावा.

या व्यवस्थेची खरी मर्यादा तापमान ही आहे. तापमान २४ अंशांच्या वर राहिले की तंबाखूच्या पानांत आधीपासून असलेली तंबाखूकिड्याची अंडी उबण्याचा धोका वाढतो, आणि हा किडा सिगारींना आरपार बारीक भोके पाडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातले तापमान रात्रीही याहून अधिक असते आणि त्यावर कोणतेही पाकीट काही करू शकत नाही. म्हणून नवीन आणलेल्या सिगारी घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस, नंतर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मगच डब्यात घालाव्यात. घाई केल्यास पान तडकते. फ्रिज हा कायमचा मुक्काम मात्र नव्हे, कारण तिथली हवा कोरडी असते आणि शेजारच्या लसणीच्या चटणीचा वास तंबाखू लगेच उचलते. डबा घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, उन्हाच्या भिंतीपासून दूर आणि मुलांच्या हाताबाहेर असावा. कूलरच्या खोलीतली हवा दमट, तर एसीच्या खोलीतली कोरडी असते. डबा खरोखर हवाबंद असेल तर या फरकाने काही बिघडत नाही, उलट एसीचा गारवा उपयोगी पडतो.

पाकिटे परदेशी असल्यामुळे स्वस्त नाहीत आणि आतले द्रव कडक खड्यांसारखे झाले की ती बदलावी लागतात. तरीही पंचवीस-तीस सिगारींचा संग्रह असणाऱ्याने हा खर्च करावा. परदेशातून कोणी चार-पाच सिगारी भेट आणल्या असतील आणि त्या महिन्याभरात संपणार असतील, तर डब्याचीही गरज नाही. जाड झिप पिशवी आणि ८ ग्रॅमचे लहान पाकीट पुरेसे आहे.