दोन पिशव्यांचा ग्राउट पॅकर: आठ महिने वापरल्यावर

कोळसा खाणीत गॅस (मिथेन) काढून घ्यायला मारलेल्या होलांची तोंडं ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ पाण्याने, बंद करणारा हा पॅकर येण्याआधी तीन वर्षं आम्ही फोमवर काढली. अ आणि ब असे दोन डबे, ते कापडाच्या पट्टीवर एकत्र ओतायचे, पट्टी पाइपाला गुंडाळायची आणि फुगायच्या आत होलात ढकलायची. सगळा मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. हातमोज्याला चिकटलं तर तो मोजा गेलाच म्हणून समजा. पण काम झटपट व्हायचं. एका पाळीत चार होल बंद, ठेकेदार खूश, बिलही वेळेवर. महिनाभरानंतर त्याच होलांचं काय झालं हे विचारायला कोणी येत नसे. गॅसचं रीडिंग घ्यायला मी जायचो, त्यामुळे मला मात्र ते रोज दिसायचं.

मी मूळचा बल्लारपूरचा. बाबा तिथल्याच एका खदानीत मायनिंग सरदार (पाळीची सुरक्षा तपासणारे) होते. आमच्याकडच्या खाणी गॅसच्या हिशेबाने बहुतेक पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या. बाबा सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून ज्योतीवर निळी टोपी (गॅसची खूण) दिसते का बघायचे, बहुतेक वेळा दिसायची नाही, आणि वहीत ‘निरंक’ लिहून वर यायचे. मी डिप्लोमा करून आलो तो थेट झारखंडमधल्या झरियात, तिसऱ्या श्रेणीच्या खाणीत. तिसरी श्रेणी म्हणजे कोळशाच्या टनामागे 10 घनमीटरहून जास्त गॅस. इथे हवेत मिथेन 1.25 टक्क्यांवर गेला की वीज तोडायची, काम थांबवायचं. कटर मशीन जोरात चालायला लागली की रिटर्नकडचा (वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या रस्त्यातला) गॅसचा आकडा कसा चढतो हे ज्याने पाहिलंय, त्याला कोळसा कापायच्या आधी त्यातला गॅस काढून घ्यायचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

त्यासाठी पॅनेलच्या (कापायच्या कोळशाच्या पट्ट्याच्या) कडेच्या रस्त्यातून, म्हणजे गेट रोडमधून, पॅनेलमध्ये आडवे होल मारायचे. तोंडाकडे थोडा उतार ठेवायचा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. आत जाळीचा पाइप, तोंडाशी सील, पुढे पाणी अडवायचा डबा, मग पाइपलाइन आणि शेवटी सक्शन पंप. यात सगळ्यांचं लक्ष पंपाकडे. गॅस कमी आला की पंप वाढवा! माझं उलट मत आहे: खरी मेख होलच्या तोंडाशी, पहिल्या आठ-दहा मीटरमध्ये आहे.

रस्ता काढला की त्याच्या बाजूचा कोळसा दाबाने फुटतो. वरून अखंड दिसतो, पण आत काही मीटरपर्यंत केसासारख्या भेगा असतात. फोम होल भरतो, भेगा भरत नाही. पंप लावला की होल त्या भेगांमधून गॅलरीतली (रस्त्यातली) हवाच ओढतो. आमचा हेल्पर गिरिडीहकडचा. तो कान लावून म्हणायचा, “साहब, ये वाला हवा पी रहा है.” मला खात्री करायची होती, म्हणून मी चिमूटभर स्टोन डस्ट (कोळशाच्या धुळीवर टाकतो ती चुनखडीची पूड) पाइपापासून हातभर लांब, साइडच्या (रस्त्याच्या भिंतीच्या) भेगेसमोर धरली. कॅप लॅम्पच्या उजेडात पूड खाली पडली नाही. सरळ दोऱ्यासारखी भेगेत शिरली. दोन वर्षांत मी लिहिलेल्या रिपोर्टांनी जे झालं नाही, ते मॅनेजरसाहेबांना हे एकदा दाखवल्यावर झालं. नवीन वस्तू मागवायला मंजुरी मिळाली.

अशा होलावर पंप वाढवून काय होतं, तर मिनिटाला 100 लिटर येत होते त्यात मिथेन 60 टक्के. आता 200 येतात आणि मिथेन 30 टक्के. गॅस तेवढाच, हवा तेवढी जास्त. आणि 30 ही आमची लक्ष्मणरेषा. मिथेन 5 ते 15 टक्के असला की स्फोट होतो, म्हणून लाइनमधला आकडा त्याच्या बराच वर ठेवायचा असतो. 30 च्या खाली गेलेल्या होलचा व्हॉल्व्ह बंद, मग आत कितीही गॅस उरलेला असो. शिवाय भेगांमधून हवा खेळली की कोळसा आतून तापतो. 1916 पासून आग धुमसतेय त्या झरियात हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणून होलच्या तोंडाशी मी मिथेनबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तपासतो.

आता पॅकरबद्दल. पाइपाच्या दोन टोकांना मजबूत कापडाच्या दोन पिशव्या, मध्ये काही मीटर मोकळी जागा, आणि एकच ग्राउटची नळी. हवेवर चालणाऱ्या पंपाने सिमेंटचं पाणी सोडलं की आधी दोन्ही पिशव्या फुगून होलला बूच बसतं. दाब साधारण 10 किलोला (चौरस सेंटिमीटरमागे) आला की मधला व्हॉल्व्ह फुटतो आणि ग्राउट दोन बुचांच्या मधल्या जागेत शिरतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो भेगांमध्ये घुसतो. सगळी करामत इथेच आहे. पहिल्याच होलला, पाइपापासून दीड हातावर साइडमधून राखाडी पाण्याचा थेंब पाझरला तेव्हा हेल्पर ओरडला, “लीक हो गया!” म्हटलं, अरे बाबा, होऊ दे, हेच हवंय.

तक्रारी आहेत. सूचनापत्रक चिनी भाषेत, सोबत चार चित्रं, आणि त्यातलं एक उलटं छापलेलं. पुरवठादाराचा माणूस शिकवायला येणार होता. तो आला, वरच्या ऑफिसात चहा प्यायला आणि खाली उतरायला बूट नाहीत म्हणून गेला. सिमेंटचं प्रमाण आम्हीच चुकत-माकत बसवलं: 50 किलोच्या पोत्याला 40 लिटरच्या वर पाणी गेलं की सुकल्यावर वरच्या अंगाला पोकळी राहते आणि होल पुन्हा हवा प्यायला लागतो. 30 च्या खाली गेलं तर पंप गुदमरतो. पहिल्या दहातल्या दोन पिशव्या फाटल्या, पण तो दोष पॅकरचा नाही. होलच्या तोंडाशी कोळशाचे टोकदार तुकडे राहिले होते. आता आधी होल पाण्याने धुतो, मगच पॅकर सरकवतो.

एका खेपेत मात्र कहर झाला. पॅकरसोबत आलेले पाइप साधे पांढरे, घरच्या नळाला लावतात तसले. गॅसच्या लाइनला स्थिर विजेचा निचरा करणारा पाइपच लागतो. साध्या पाइपात कोरडा गॅस आणि कोळशाची धूळ घासत गेली की ठिणगीचा धोका. फोनवर उत्तर मिळालं, “साहेब, साइज तर तोच आहे ना?” पूर्ण खेप परत पाठवली. तुम्ही मागवणार असाल तर गाडी उतरवून घ्यायच्या आधी पाइपावरचा छाप वाचा.

वेळही लागतो. फोमचा होल तासाभरात लाइनला जोडता यायचा, इथे आम्ही 24 तास थांबतो. एका होलामागचा खर्चही जास्त. ठेका मीटरवर असेल तर ठेकेदार कुरकुरणारच. आमचाही कुरकुरला. पण फोमचे होल तीन-चार आठवड्यांत 30 च्या खाली यायचे. पॅकरच्या होलांपैकी बहुतेक चौथ्या महिन्यातही 50 च्या वर होते, आणि तेही पंपाचं सक्शन आधीपेक्षा कमी ठेवून. दोन होल लवकर मेले. एकात पाणी साचलं होतं, दुसरा आतच ढासळला. तिथे पॅकर काय करणार?

कोळसा फारच भुसभुशीत असेल आणि होल चोवीस तासही उभा राहत नसेल, तर हे घेऊ नका. आधी होल टिकवायचं बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅकर होलच्या मापाचाच घ्या. ‘पिशवी फुगते, कुठल्याही होलला चालते’ यावर विश्वास ठेवू नका. आम्ही ठेवला. 75 मिलिमीटरच्या होलचे पॅकर 94 च्या होलात घातले. पिशवी फुगली, पण नीट टेकली नाही, आणि पंप सुरू असतानाच अख्खा पॅकर हेल्परच्या पायाशी सरकत बाहेर आला. त्या मापाचे सहा नग अजून स्टोअरच्या मागच्या रॅकवर पडले आहेत आणि स्टोअरकीपर दर महिन्याला मला त्यांचा हिशेब विचारतो.