रिकाम्या फ्लॅटची किल्ली दिली आणि ३९,३५० घालवून बसले

लिहू की नको करत आठवडा काढला, कारण खरं सांगते लाज वाटते. मी अकाउंट्सला आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, कुणी टॅक्सीच्या पावतीत एका आकड्याची खाडाखोड केली तरी पकडते. आणि स्वतःच्या फ्लॅटच्या नावाने आलेलं बिल मात्र दोन हप्त्यांत निमूट भरून मोकळी झाले. ३९,३५०. घरात हा आकडा आता कुणी माझ्यासमोर काढत नाही.

झालं असं की तीन वर्षं राहिलेले भाडेकरू गेले, नवीन यायला १८ दिवस होते, आणि फ्लॅट आमच्यापासून चार तासांवर. त्याच आठवड्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. नवरा हॉस्पिटल आणि ऑफिस यात अडकलेला, मी हॉस्पिटल आणि घर यात. मग सांगा, मी तिकडे जाऊन ओटा घासणार होते का? ओळखीतल्या एकीने एका एजन्सीचा नंबर दिला, भाडेकरू बदलताना घर साफ करून, दुरुस्त करून, किल्लीसकट नव्या भाडेकरूच्या हातात देतात म्हणाली. तिचं काम त्यांनी नीट केलं होतं. म्हणजे मी काही रस्त्यावरच्या बोर्डाला भुलले नाही हे आधी लक्षात घ्या.

यांची पद्धत तुम्हाला माहितीच असेल, आधी एक छोटा आकडा सांगायचा आणि घरात शिरल्यावर एकेक गोष्ट "सापडत" जायची. डीप क्लीनिंग ८,५००. दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या भिंतीचा फोटो, "ताई ओल आहे, पॅच मारून एक हात रंग द्यावा लागेल", १६,२००. मग दोन्ही एसीत गॅस कमी, ५,६००. झुरळं, ३,४००. नळ गळतोय आणि फ्लश टाकी भरत नाही, ४,१५०. वर तपासणी आणि किल्ली सांभाळायचे १,५००. किल्ली सांभाळायचे पैसे! मी दिलेत हो ते. ६० टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे २३,६१० त्याच संध्याकाळी पाठवले, उरलेले १५,७४० काम झाल्याचे फोटो बघून.

आता त्या फोटोंवर येते. इथेच माझी अक्कल गहाण पडली होती.

एकूण २२ फोटो आले. त्यातल्या किचनच्या फोटोंवर वरती बारीक अक्षरात "फॉरवर्डेड" लिहिलेलं होतं. ते मी वाचलं आणि मनातल्या मनात एजन्सीवाल्याच्या वतीने उत्तरही दिलं, सुपरवायझरने आधी त्याला पाठवले असतील. एकोणिसावा फोटो बाथरूमचा. फरशी चकचकीत, आरसा स्वच्छ, आणि दाराच्या मागे खुंटीला एक मरून टॉवेल, पांढरी किनार असलेला. ओला. खालचं टोक जड होऊन लोंबत होतं आणि त्याखाली फरशीवर पाण्याचा छोटा डाग. वर गिझरचा लाल दिवा चालू. मी झूम करून बघितलं, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून चांगलं दोन मिनिटं बघितलं, आणि विचारलं पण, "हा टॉवेल कुणाचा?" लगेच उत्तर, "ताई पोरांच्या अंगावर सगळा चुना उडाला होता, अंघोळ करून गेली बिचारी." आणि मला काय वाटलं असेल? मला त्या पोरांची दया आली. आपल्याकडे राबून दमली असतील म्हणून मी "बरं केलंत" असं लिहिलं, हात जोडलेलं चित्र टाकलं आणि १५,७४० पाठवले.

काम संपवून अंघोळ करून गेलेल्या माणसाचा टॉवेल खुंटीवर कसा राहील? तो ज्याचा असतो तो पुन्हा येणार असतो. एवढं साधं. दुसऱ्याच्या व्हाउचरवर मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला असता.

भाडेकरू टेम्पो घेऊन आले त्या दिवशी पहिला फोन, "काकू, तुमचा टॉवेल राहिलाय." दुसरा फोन, घरात गटाराचा वास येतोय. तिसरा, हॉलमधल्या बेडच्या गादीखाली कुणाचे तरी मोजे आहेत. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी त्यांना विचारलं, तुम्ही यावेळी किती दिवस? कारण मागचे दोन आठवडे त्या फ्लॅटमध्ये दर दोन दिवसांनी वेगळी माणसं येऊन राहत होती. वॉचमनच्या वहीत सगळ्यांसमोर "पाहुणे" लिहिलेलं. माझे पाहुणे! घर साफ करायला किल्ली घेतली आणि माझाच फ्लॅट दिवसाच्या भावाने दिला.

मी आख्ख्या प्रकरणात एकच शहाणपणा केला होता, जुने भाडेकरू गेले त्या दिवशी त्यांच्याकडून वीज मीटरचा फोटो मागून घेतला होता. ६४१२. नवीन आले तेव्हा ६५९९. अठरा दिवसांत १८७ युनिट. झाडू मारायला १८७ युनिट लागत नाहीत, एसी लावून झोपायला लागतात. म्हणून मधल्या काळासाठी कुणालाही घर द्याल तर मीटरचा फोटो आधी घ्या, पैसे नंतर द्या, आणि आठवड्याने परत फोटो मागा.

हे झालं राहण्याचं. कामाची कथा अजून वेगळी. ओल आलेल्या भिंतीवर त्यांनी सरळ पुट्टी फासून वरून रंग मारला होता, पाणी कुठून येतंय ते शोधलंच नाही. आठव्या दिवशी तिथे तळहाताएवढे फुगे आले, नखाने टोचलं की रंग कागदासारखा सुटून हातात. गळती बाथरूमच्या बाजूने होती. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच रंग, यात शॉर्टकट नाही आणि "दोन दिवसात करून देतो" म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. फरशी चकचकीत होती ती अ‍ॅसिडने. त्या अ‍ॅसिडने बेसिनखालच्या मार्बलची चमक गेली, बोट फिरवलं तर खडूसारखं लागतं, आणि त्याच्या वाफेने नळांवर काळे ठिपके. मार्बलवर अ‍ॅसिड चालतच नाही, साधा साबण आणि पाणी, बस. नळ बदलायला २,७८० गेले.

वास कसला होता ऐका. घर बंद राहिलं की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी साठून राहतं त्या भागातलं, पाणी उडून जातं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. ज्या बाथरूमचा वापर त्या "पाहुण्यांनी" केला तिथे वास नव्हता, दुसऱ्यात होता. म्हणजे डीप क्लीनिंगवाल्यांनी दुसऱ्या बाथरूममध्ये तांब्याभर पाणीसुद्धा ओतलं नव्हतं. ८,५०० घेतले होते!

एसीचं तर विचारू नका. नंतर भाडेकरूने त्याच्या ओळखीचा मेकॅनिक आणला, त्याने बाहेरच्या युनिटच्या, गॅस भरतात त्या व्हॉल्व्हच्या टोप्या दाखवल्या, त्यावर जुनी धूळ तशीच थापलेली, पाना लागलेलाच नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो आत फिरत राहतो, कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. तुमच्याकडे कुणी गॅसचे पैसे मागितले तर लीक कुठे आहे ते आधी विचारा, तिथेच बोलती बंद होते. झुरळं पण आठवड्याभरात परत हजर, एका फवाऱ्याने अंडी मरत नाहीत म्हणे, त्यासाठी परत यायला लागतं. परत कोण येणार होतं.

मग सुरू झाली माझी तक्रारींची वारी. आमच्या इथल्या पोलीस चौकीत सांगितलं, फ्लॅट आमच्या हद्दीत नाही. चार तास प्रवास करून तिकडे गेले तर विचारतात, पैसे तुम्ही कुठून पाठवले? मग तिकडेच तक्रार द्या. मी हट्टाने बसून राहिले. शेवटी एकाने विचारलं, "चोरीला काय गेलं?" म्हटलं काही नाही. "मग?" म्हटलं अनोळखी माणसं माझ्या घरात दोन आठवडे राहून गेली, उद्या त्यातल्या कुणी काही केलं असेल तर नाव माझं येईल. तो म्हणाला, "किल्ली तुम्हीच दिली ना मॅडम." दोन तासांनी अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळाला. तोही अर्धा उमटलेला.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, हा फ्रॉड नाही, व्यवहारातला वाद आहे. ऑनलाइन ग्राहक तक्रार करायला बसले तर फॉर्म त्या एजन्सीचा पूर्ण पत्ता मागतो. बिलावर पत्ता नाही, फक्त मोबाइल नंबर आणि हसणाऱ्या बादलीचं चित्र. पत्त्याशिवाय फॉर्म पुढे जाईना, म्हणून मी "माहीत नाही" लिहिलं, तर पाच दिवसांनी मेसेज, तक्रारीचं निराकरण झालं आहे, कृपया रेटिंग द्या. आणि सगळ्यात कहर सोसायटीने केला. नोंद न करता पाहुणे ठेवले म्हणून मलाच २,००० दंड! मी सेक्रेटरींना म्हटलं, वहीत नाव-गाव न घेता आत सोडलं तुमच्या वॉचमनने. तर म्हणे, नियम सगळ्यांना सारखा. भरले मी. पावती मात्र त्यांनी अगदी व्यवस्थित दिली.

भाडेकरू बिचारे महिना भरायच्या आत गेले, पुढचा महिना फ्लॅट रिकामा, १८,००० बुडाले, भिंतीचं आणि गळतीचं काम परत करून घेतलं त्याचे ३१,००० वेगळेच. ती ओळखीतली आता फोन उचलत नाही. तिचा दोष नाही हे कळतं मला, पण राग येतो.

यावेळी मी स्वतः गेले. लॅचचं फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदललं, आख्खं कुलूप बदलायची गरज नसते. कामवाल्याला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे, ते काम व्हिडिओ कॉलवर नळ सोडून, फ्लश ओढून दाखवल्यावरच. आणि फोटो मागितला तर म्हटलं ओट्यावर दाराजवळची निळी चप्पल उलटी ठेवून काढा, म्हणजे कुणाचा तरी जुना फोटो पुढे ढकलता येत नाही. तो हसला. हसू दे.

तो टॉवेल मी घरी आणलाय. चौकीतल्या त्याच माणसाने सांगितलं होतं, जपून ठेवा, पुरावा म्हणून लागेल, आम्ही मागवून घेऊ. साडेतीन महिने झाले. धुतला नाहीये, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलाय, आणि सासूबाई दर चार दिवसांनी विचारतात, वास कसला येतोय गं?