काचेतल्या लेकीला शांत करायला शिकवणारा वॉर्ड

माझी लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ३४० ग्रॅम. ऐन आषाढात राजापूरहून ॲम्ब्युलन्सने तिला रत्नागिरीला आणलं आणि पुढचे २६ दिवस इथल्या नवजात अतिदक्षता विभागात काढले. उपचार उत्तमच, पण मला लिहायचंय ते इथे बाळांना शांत कसं करतात त्याबद्दल.

पहिल्या दिवशी इनक्युबेटरमध्ये, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत हात घालून मी तिच्या पाठीवरून अलगद बोटं फिरवली. तिने अंग ताणलं, बोटं फाकली, मॉनिटरवर ठोके १८० च्या वर गेले. माझे हातपायच गळाले. मालवणकडच्या एक सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या, "कुरवाळू नको गो, नुसतो हात धरून ठेव." एक हात डोक्यावर, दुसऱ्याने दुमडलेले पाय पोटाशी. हलवायचा नाही. थोड्या वेळाने तिची मूठ मिटली, आकडा १५० वर आला.

सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याच्या गुंडाळ्या करून तिच्याभोवती घरटं केलं होतं. पावसात लुगडं वाळेना, म्हणून हे रोज इस्त्री फिरवून आणायचे. टाचेतून रक्त काढायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर माझ्याच दुधाचे थेंब द्यायचे, आणि तेव्हा मला बाहेर काढत नसत. याचं मोल आईलाच कळेल.

पाचव्या दिवसापासून कांगारू, म्हणजे बाळाला आई-बापाच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं. फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, वरून कापडाने बांधायचं. इनक्युबेटर कमी पडले म्हणून कोलंबियातल्या बोगोटात हे सुरू झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते. ह्यांच्या छातीवर तर ती माझ्यापेक्षा गाढ झोपायची!

पण आठ तास बसायचं कशावर? मागे रेलायच्या खुर्च्या दोनच, बाकी प्लास्टिकच्या. टाक्यांवर ते सोसत नाही. ड्युटी बदलताना मोठ्याने बोलणं चालतं, आणि एकदा पेटीवर फाईल आपटली तेव्हा लेक आत दचकली. आवाज आत घुमतो. दोन्ही गोष्टी मी लेखी दिल्यात. खुर्च्या वाढवाच.

इथे येणाऱ्या आयांनो, पुढून उघडणारे दोन गाऊन आणा. अत्तर, वासाचं तेल नको. बसण्याआधी पाणी पिऊन, लघवीला जाऊन या. एकदा बाळ छातीवर झोपलं की तासभर तरी हलवायचं नाही.